चाकांवरचे बिऱ्हाड आणि डार्विन बंदर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो आणि म्हणताना जरा कीवही करतो. पण ऑस्ट्रेलियात हजारो माणसे हौसेने बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघतात. मोटारीच्या मागे चाकांची एक खोली जोडलेली असते. तिच्यात बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, कपाट, सगळे कसे बेताने बसवलेले. हिला म्हणतात कॅराव्हान. पूर्वी आपल्याकडे शिधासामान, भांडीकुंडी आणि पोरेबाळे गाडीत घालून जत्रेला जात असत ना, त्यातलाच हा प्रकार. फक्त बैलांच्या जागी इंजिन आले. या प्रवाशांत पेन्शन घेतलेली नवराबायको पुष्कळ. पळापळ नाही, घड्याळ नाही. गाव आवडले, राहिले. कंटाळा आला, निघाले.

अशा लोकांबरोबर आज आपण एक दिवस डार्विन शहरात काढू.

नकाशात ऑस्ट्रेलियाचा वरचा काठ बघा. अगदी उत्तरेला, विषुववृत्ताच्या खाली साडेबारा अंशांवर हे बंदर आहे. वस्ती सुमारे दीड लाख. आपल्याच देशातल्या सिडनीपेक्षा त्याला इंडोनेशियाची जाकार्ता जवळ! दक्षिणेकडच्या पोर्ट ऑगस्टापासून इथवर स्टुअर्ट महामार्ग येतो, सुमारे २,७०० किलोमीटर. मधला मुलूख बहुतेक ओसाड. तो ओलांडून आलेल्या माणसाला समुद्र दिसला की काय वाटत असेल, ते पंढरीच्या वाटेवर कळस दिसलेल्या वारकऱ्याला विचारावे.

इथे यायचे ते मे ते सप्टेंबरच्या दरम्यान. तेव्हा दक्षिणेत थंडी असते आणि डार्विनला कोरडे, प्रसन्न ऊन. नोव्हेंबरपासून पाऊस धरतो आणि तो कोकणची आठवण करून देणारा असतो. सरकारी हिशेबात इथे ऋतू दोनच, ओला आणि कोरडा. पण इथले मूळ रहिवासी लाराकिया लोक वर्षाचे सात ऋतू मानतात. कोणते फूल उमलले, कोणता वारा सुटला, यावरून ते ऋतू ओळखतात. मृग आणि आर्द्रा जाणणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही.

सकाळी पहिले जायचे ते डॉक्टर्स गली नावाच्या किनाऱ्यावर. तिथे भरतीबरोबर मासे अगदी काठाशी येतात आणि माणसांच्या हातून पाव खातात. किती वाजता? ते मात्र समुद्राला विचारायचे! भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून वेळेचा तक्ता रोज वेगळा. या बंदरात भरती-ओहोटीच्या पाण्यात आठ मीटरपर्यंत फरक पडतो. उधाण आणि भांग जाणणारा आपला कोळीही हा आकडा ऐकून चकित होईल. पाणी कितीही निळे दिसले तरी समुद्रात उतरायचे मात्र नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी बारा महिने असतात आणि पावसाळ्यात विषारी जेलीफिशची भर पडते. म्हणून धक्क्याजवळ पोहण्यासाठी वेगळे, बंदिस्त पाणी केलेले आहे.

मग बंदरावर यावे. १८३९ साली 'बीगल' हे जहाज इथे आले. जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी आपला जुना सहप्रवासी चार्ल्स डार्विन याचे नाव या बंदराला दिले. गंमत अशी, की डार्विन स्वतः इथे कधी आलाच नाही. गाव वसले १८६९ साली. १८७१ मध्ये जावा बेटापासून समुद्रतळाची तार इथे येऊन पोचली आणि १८७२ साली खंडाच्या आरपार, सुमारे ३,२०० किलोमीटर तारेची लाइन पुरी झाली. ही तार सिंगापूर, मद्रास, मुंबई, एडन अशी टप्प्याटप्प्याने लंडनला जोडलेली होती. म्हणजे ऑस्ट्रेलियाची बातमी विलायतेला निघाली, की वाटेत ती आपल्या मुंबईतून जाई! जहाजाने जायला आठवडेच्या आठवडे लागत, ती बातमी आता तासांवर आली.

त्या तारेचे ठाणे पुढे लढाईत सापडले. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी जपानी विमानांनी डार्विनवर दोनदा हल्ला केला. २३० हून अधिक माणसे मेली. पोस्टमास्तर, त्यांची पत्नी, मुलगी आणि पोस्टातले कर्मचारी खंदकात आसऱ्याला बसले होते, तिथेच बॉम्ब पडला. आज त्या जागी विधिमंडळाची इमारत उभी आहे आणि जुन्या पोस्टाच्या भिंतीचा तुकडा आत जपून ठेवला आहे. बंदरात बुडालेल्या 'पिअरी' या अमेरिकन युद्धनौकेची एक तोफ किनाऱ्यावरच्या बागेत आहे. तिचे तोंड जहाज बुडाले त्या दिशेला केलेले आहे.

दुपारी ऊन चढले की वस्तुसंग्रहालयात जावे. तिथे पाच मीटरहून लांब मगर पेंढा भरून ठेवली आहे, तिच्यापुढे मुलांची गर्दी असते. पण मी तुम्हाला नेणार आहे एका अंधाऱ्या खोलीत. तिथे पाहायचे काही नाही, फक्त ऐकायचे आहे. १९७४ च्या नाताळच्या रात्री ट्रेसी नावाचे चक्रीवादळ डार्विनवर आदळले. त्या रात्री एका धर्मगुरूने त्याचा आवाज टेपवर घेतला होता, तो इथे ऐकवतात. वाऱ्याची किंकाळी आणि तिच्यात पत्रे फरपटल्याचा कर्कश आवाज.

विमानतळावरच्या यंत्राने ताशी २१७ किलोमीटर वेग नोंदला आणि मग ते यंत्रच मोडले! पासष्टाहून अधिक माणसे दगावली. दहापैकी सातांहून अधिक इमारती उद्ध्वस्त झाल्या. सुमारे ४७,००० वस्तीपैकी ३०,००० हून अधिक लोकांना बाहेर हलवावे लागले.

इशारा मिळाला नव्हता का? मिळाला होता. रेडिओवरून पुन्हा पुन्हा सांगत होते. पण डिसेंबरच्या सुरुवातीलाच एक वादळ येणार येणार म्हणत दुसरीकडे वळले होते. लोकांना वाटले, हेही जाईल तसेच. त्यात सणाची गडबड. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतो ती खोटे बोलू नये म्हणून. पण तिच्यात ऐकणाऱ्यालाही धडा आहे. मागचा लांडगा आला नाही, म्हणून आजचा येणार नाही, असे थोडेच आहे?

आणि घरे का पडली? इंजिनियरांनी तपास केला. वारा छपराला एकदाच हिसका देत नाही, तो हजारो वेळा ओढतो आणि सोडतो. त्यामुळे स्क्रूभोवतीचा पत्रा थकतो, चिरतो आणि सुटतो. शिक्षकांनी हे वर्गात तारेच्या तुकड्याने दाखवावे. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण वीस-पंचवीस वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते. एकदा खिडकी फुटली की वारा आत शिरून छपराला खालूनही रेटतो. यावरून डार्विनने बांधकामाचे नियम बदलले. छप्पर भिंतीला आणि भिंत पायाला पक्की बांधलेली हवी. मधला एकही सांधा ढिला नको.

हे आपल्याला परके नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घरांचे आणि शाळांचे पत्रे उडवले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. तेव्हा पावसाळ्यापूर्वी शाळेच्या छपराचे स्क्रू आणि वॉशर एकदा नजरेखालून घालावेत, एवढे सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

आता संध्याकाळ. कोरड्या ऋतूत गुरुवारी आणि रविवारी मिंडिल किनाऱ्यावर बाजार भरतो. थाई, इंडोनेशियन, व्हिएतनामी, नाना देशांच्या चुली पेटतात. लोक पानात काहीतरी घेऊन वाळूवर बसतात आणि सूर्य समुद्रात बुडताना बघतात. शेजारी कोण, कुठला, कोणी विचारत नाही. जागा मात्र सरकून देतात.

मग अंधार पडतो, आणि आपले प्रवासी चाकांवरच्या घरात परततात. पावसाळा तोंडावर आला, की ते घर गाडीला जोडून दक्षिणेला निघून जातील. डार्विनची माणसे मात्र तिथेच राहतील. वादळानंतर बाहेर गेलेल्यांपैकी पुष्कळजण परत आले आणि त्यांनी त्याच जागी, पण अधिक पक्की घरे बांधली. पाहुण्याला चाके पुरतात, श्रोतेहो. जो राहणार आहे, त्याला पाया भरावा लागतो, आणि रेडिओवरचा इशारा कान देऊन ऐकावा लागतो.