एक पाकीट आधी घरी उघडा

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. लोक वरच्या मजल्यांवर अडकले. अशा वेळी वीज नसते, प्यायचं पाणी नसतं. आपत्तीसाठी 'फ्रीझ-ड्राइड' जेवण घ्यायचं, तर हेच डोळ्यांसमोर ठेवून घ्या.

हे अन्न आधी गोठवतात, मग निर्वातात त्यातल्या बर्फाची थेट वाफ करून काढतात. म्हणून ते हलकं असतं, फ्रिजशिवाय टिकतं. पण काढलेलं पाणी खाताना परत घालावं लागतं, आणि तेही पिण्याजोगं.

तेव्हा साठा करण्याआधी एक पाकीट घरी तपासा. गार पाणी चालतं का, ते पाकिटावर वाचा. चालत असेल, तर गॅस न पेटवता पाणी मोजून घाला आणि वेळ बघा. गार पाण्यात ते उशिरा भिजतं. आजीला चावतं का, मुलं खातात का, तेही पाहा. लागलेलं पाणी पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त साठवा.

सोबत चणे, शेंगदाणे, खजूर ठेवाच. आणि मोहल्ल्यासाठी घेताना शाकाहारी पाकिटं घ्या. पुरात आपल्या गच्चीवर कुठलाही शेजारी येईल. त्याला उपाशी राहावं लागू नये.