रोग टेम्पोतून येतो

रविवारी सकाळी दिवा स्टेशनबाहेरच्या चिकनच्या दुकानांपुढे जी गर्दी असते, तिच्यातल्या एकालाही आपली कोंबडी कुठल्या गावाहून आली हे ठाऊक नसतं. दुकानदाराला विचारलं तर तो फार तर गाडीवाल्याचं नाव सांगेल. पहाटे टेम्पो येतो, जाळीदार खोक्यांतल्या कोंबड्या वजन करून उतरवल्या जातात, रिकामी खोकी परत गाडीत चढतात आणि टेम्पो पुढच्या दुकानाकडे जातो. आज मला बोलायचं आहे ते या रिकाम्या खोक्यांविषयी.

फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोली इथे, एका ठिकाणचे शंभरेक पाळीव पक्षी मेले. तपासणीत बर्ड फ्लूचं निदान झालं आणि एक किलोमीटर परिघातले सुमारे पंचवीस हजार पक्षी मारायचं ठरलं. अशी बातमी आली की एकच प्रश्न विचारला जातो: चिकन खायचं की नाही? प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. हा विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो आणि आपला रस्सा त्याहून कितीतरी जास्त तापतो. धोका असतो तो आजारी किंवा मेलेला पक्षी उघड्या हातांनी हाताळणाऱ्याला.

सरकारी नियमांचा सगळा रोख असतो तो ये-जा थांबवण्यावर. रोग सापडला त्या जागेभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढतात, ते बाधित क्षेत्र. त्याभोवती दहा किलोमीटरपर्यंतचा पट्टा सर्वेक्षणाचा. आतल्या वर्तुळातले पक्षी मारून चुन्यासह खोल खड्ड्यात पुरतात. अंडी आणि खाद्यही नष्ट करतात. तिथून पक्षी, अंडी, खाद्य, खत यांतलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही. दुकानं बंद. पुढे काही महिने शेड रिकामी ठेवून आसपासचे नमुने तपासत राहायचे.

एवढा कडेकोट बंदोबस्त कशासाठी? तर विषाणू पक्ष्याच्या विष्ठेत असतो आणि ती खोक्याला, अंड्यांच्या ट्रेला, टायरला, चपलेला चिकटते. टेम्पो एका दिवसात चार-पाच ठिकाणी जातो. खोकी न धुता परत भरली की रोगाला पायी चालावं लागत नाही! जानेवारी २०२१ मध्ये ठाण्यात घोडबंदर भागात पाणबगळे मेलेले सापडले आणि त्यांच्यातही हाच रोग निघाला. बगळे आपल्या दिव्याच्या खाडीवरही उतरतात. त्यांना नाक्यावर अडवता येत नाही. टेम्पोला येतं.

नियमांची खरी कसोटी मात्र नाक्यावर लागत नाही, ती शेडमध्ये लागते. सकाळी वीस पक्षी मेलेले दिसले, तर मालकाने काय करावं? कायदा म्हणतो, कळवा. २००९ सालच्या केंद्रीय कायद्याने ते बंधनकारकच आहे. पण कळवलं तर शेड रिकामी होणार, आणि शेजाऱ्याचीही, मग शेजारी जन्मभर बोलणार नाही. भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. हिशेबाने पाहिलं तर लवकर कळवणाऱ्याचाच यात फायदा आहे, आणि नियम करणाऱ्यांनीही तोच विचार केला असावा. पण त्या सकाळी मालकाच्या डोक्यात हा हिशेब नसतो. त्याला दिसते ती बँकेची कर्जफेड. उरलेला माल आजच व्यापाऱ्याला देऊन टाकावा, असं मनात येतं, आणि ज्या दिवशी तो तसं करतो त्याच दिवशी रोग टेम्पोत चढतो. कराराने कोंबड्या वाढवणाऱ्याची अडचण आणखी वेगळी. पिल्लं आणि खाद्य कंपनीचं, याला मिळते ती संगोपनाची मजुरी. शेड रिकामी राहिली तितके महिने तीही बंद.

आणि या वर्तुळात फक्त पोल्ट्रीवालेच येतात असं समजू नका. उद्या आपल्या दातिवलीत किंवा आगासनला रोग निघाला, तर अंगणात चार गावठी कोंबड्या पाळणाऱ्या आजीच्या कोंबड्याही जाणार, धडधाकट असल्या तरी. तिने खुडुकावर बसवलेली अंडीसुद्धा. सरकारी दर हा पक्ष्याचा असतो. घरच्या देवाच्या नावाने राखलेल्या कोंबड्याला वेगळा दर नाही. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, रोगाला अंगणातलं आणि शेडमधलं कळत नाही. पण पथक कोंबड्या न्यायला येतं त्याच वेळी पैसे आजीच्या हातात पडायला हवेत. फॉर्म, पासबुकाची झेरॉक्स, पुढच्या आठवड्यात या, असं झालं की पुढच्या वेळी त्या आळीतल्या कोंबड्या पोत्यात घालून पाहुण्यांकडे जाणार. त्या पोत्याला कोणता नाका अडवणार आहे?

भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा जाहीर झाला तो १८ फेब्रुवारी २००६ रोजी, आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथे काढलेलं वर्तुळ राज्याची हद्द कशी पाळणार? पलीकडच्या उच्छललाही रोग निघालाच. परदेशांनी भारतीय कोंबडी-अंड्यांवर बंदी घातली, त्याची झळ पार तामिळनाडूतल्या नामक्कलच्या अंडी व्यापाऱ्यांपर्यंत पोहोचली. २०२१ मध्ये नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

गुरांचंही असंच. २०२२ च्या सप्टेंबरात लम्पीमुळे संपूर्ण राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवलं गेलं आणि गाई-बैलांची वाहतूक, बाजार, प्रदर्शनं बंद झाली. लम्पी माणसाला होत नाही, तरीही दुधाविषयी अफवा उठल्याच. रोग पसरवणाऱ्या माश्या-गोचीड फार दूर जात नाहीत, पण गाडीत चढवलेला आजारी बैल एका रात्रीत दोन जिल्हे ओलांडतो. बंदीच्या त्या काळात बैल विकून पेरणीचे पैसे उभे करायचे ज्यांनी ठरवलं होतं, त्यांचं काय झालं, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. मेलेल्या गाईला तीस हजार आणि बैलाला पंचवीस हजार रुपये मदत जाहीर झाली होती. न विकल्या गेलेल्या जिवंत बैलाला मदत कसली?

आपण दिवेकर यात काय करू शकतो? दुकानदाराला एवढं विचारा की रिकामी खोकी गाडीत चढण्यापूर्वी धुतली जातात का. पहिल्यांदा तो हसेल. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की गाडीवाल्याला सांगेल. आणि खाडीकाठी, गच्चीवर, अंगणात कावळे, बगळे किंवा कोंबड्या एकामागून एक मेलेल्या दिसल्या, तर हात लावू नका, पिशवीत घालून खाडीत तर मुळीच फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर १९६२ हा नंबर फिरवा.