संगणकाची स्मृति निवडतांना

बोळिंजच्या एखाद्या गृहस्थानें मुलाच्या अभ्यासाचा मंदावलेला संगणक सुधारण्यासाठीं मुंबईस लॅमिंग्टन रोड गांठावा, हें योग्यच. परंतु निघण्यापूर्वीं वीज तोडून यंत्राचें झांकण उघडावें व आंतील रॅमच्या पट्टीवरील अक्षरें टिपून घ्यावीं. डीडीआर-३ च्या पट्टीस २४० पिना असतात. डीडीआर-४ व डीडीआर-५ या दोहोंस २८८. संख्या सारखी असली तरी खांच निराळ्या जागीं असते. विद्युद्दाबही अनुक्रमें १.२ व १.१ व्होल्ट. एकीच्या जागीं दुसरी बसत नाहीं. बळानें दाबल्यास मदरबोर्डच दुखावतो. एकाच पिढीच्या पट्ट्यांचा वेग भिन्न असल्यास दोन्ही सहसा मंद पट्टीच्या चालीनें चालतात. हें न पाहिल्यास पैसेही जातात आणि विरारच्या गर्दींतील खेपही फुकट जाते. महाग पट्टी उत्तम नव्हे. घरच्या यंत्रास मानवेल तीच उत्तम.