पेरणीआधीं शंभर दाणे
(गांवच्या शाळेंत पालकांच्या सभेपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



चौथीच्या मुलांनीं घरचें सोयाबीनचें बीं शाळेंत आणलें, तेव्हां कांहीं घरांत कुरकूर झाली. "गुरुजी, पोरं वाचायला धाडल्यात, दाणं मोजायला न्हवं," असें एका दादांनीं मला वाटेंत सुनावलें. त्याचें उत्तर आज चारचौघांत देतों.

प्रत्येक मुलानें बियांतले १०० दाणे, चांगलेवाईट न निवडतां, मोजून घेतले. ओल्या गोणपाटावर दहादहाच्या ओळींनीं मांडले, वर दुसरें ओलें गोणपाट घालून गुंडाळी केली व ती सावलींत ठेवली. रोज पाणी शिंपडलें. सातव्या दिवशीं गुंडाळी सोडून चांगले मोड आलेले दाणे मोजले. ७० उगवले तर बीं पेरण्याजोगें. ६० उगवले तर बीं जास्त लागणार. किती, तें त्रैराशिक पोरांनींच मांडलें. एकरीं ३० किलो धरलेलें बीं मग ३५ किलो लागतें. एका घरच्या बियांत मात्र ४५ च उगवले. तें बीं तसेंच मातींत गेलें असतें तर दुबार पेरणीचें कर्ज कोणाच्या डोक्यावर बसलें असतें?

उगवलें कां नाहीं, हेंही पोरांनीं विचारलें. सोयाबीनची साल पातळ. मळणींत मार बसला कीं आंतला कोंब दुखावतो. न उगवलेले दाणे फोडून आम्हीं पाहिले. याला शास्त्र म्हणतात, आणि तें पुस्तकांतल्या चित्रापेक्षां लवकर डोक्यांत शिरतें.

नाहींतर आमच्या शाळांतून काय चालतें? "बाष्पीभवन म्हणजे काय?" असें विचारतांच पोर पोपटासारखें बोलतें, पण माठांतलें पाणी गार कां होतें हें कुंभाराच्या पोरालाही सांगतां येत नाहीं! माठाच्या अंगांतून पाणी पाझरतें, त्याची वाफ होतांना तें आंतली उष्णता घेऊन जातें. पितळेचा लोटा पाझरत नाहीं, म्हणून त्यांत पाणी तसें निवत नाहीं. दोन्हींत पाणी भरून दुपारीं हात घालून पाहावें, एवढाच खर्च. लोहारदादा लाकडी चाकाला धाव चढवतात ती तापवून. तापलेलें लोखंड फुगतें, पाणी ओततांच आकसून चाक आवळतें. हें ज्यांच्या हातांत आहे त्यांनाच आम्ही अडाणी म्हणतों.

जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें प्राथमिक शाळांसाठीं मोडी, बाळबोध व हिशेबाबरोबर शेतकीचें प्राथमिक ज्ञान मागितलें होतें. दाणे मोजणें हें कांहीं माझें खूळ नव्हे.

आयाबायांना एक विनंती. मुलगी चुलीपाशीं बसून "दूध उतूं कां जातं, पाणी कां नाहीं?" असें विचारील, तर तिला "गप बस" म्हणूं नका. ठाऊक नसेल तर शाळेंत विचारायला सांगा; आणि पेरणीच्या दिवसांत तिलाच आधीं घरीं ठेवतां, तेंही थांबवा.

येत्या सोमवारीं भाताचें बीं घेणार आहों. १० लिटर पाण्यांत ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बीं सोडायचें, तरंगेल तें पोचट काढायचें, बुडालेलें साध्या पाण्यानें दोनतीनदां धुवून सावलींत सुकवायचें. ज्यांच्या घरीं भात आहे त्यांनीं पोरांजवळ पायलीभर द्यावें. धुतलेलें बीं ज्याचें त्याला परत मिळेल.