इमारतीची खातेवही
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्या सोसायटीला 25 वर्षं झाली. उपविधीप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी करायचं असतं. इंजिनीअर आला की आधी नकाशे मागतो. जुने नकाशे घडीवर फाटलेले. मग भिंतीत पाइप कुठून गेलाय, हे छिन्नी मारल्यावरच कळतं.

आता अख्ख्या इमारतीचं मॉडेल कॉम्प्युटरमध्ये ठेवता येतं. नागपूर मेट्रोच्या कामात अशी मॉडेल्स वापरली गेली. ते 'आयएफसी' प्रकारच्या फाइलमध्ये ठेवलं, तर एकाच कंपनीच्या प्रोग्रामवर अडून राहावं लागत नाही. फुकट मिळणाऱ्या व्ह्यूअरमध्येही उघडतं. स्लॅब लपवा, खालचे पाइप बघा. खांबावर क्लिक करा, त्याची माहिती समोर. अर्थात, जेवढं भरलं तेवढंच दिसणार.

काही प्रोग्राममध्ये या नोंदी बदलताही येतात. इथं माझ्यातला बँकवाला जागा होतो. लेजरमध्ये खाडाखोड चालत नाही, तशी इथंही नको. मूळ फाइल सचिवांकडे सांभाळून ठेवायची. बदल प्रतीवर करायचा, तारीख आणि नाव घालून. आणि स्क्रीनवर भिंत पुसली, म्हणजे घरातली पाडायला मोकळे झालो असं नाही! ती भार घेते का, हे इंजिनीअरच सांगेल.

येत्या ऑडिटबरोबरच असं मॉडेल करून घ्यावं, ही माझी सूचना. सर्वसाधारण सभेनं विचार करावा. या छताखाली आपली नातवंडं झोपतात.