बी लहान, पसारा मोठा
(कसबा बावडा येथे मंडळीच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



निदणाचा दृष्टांत आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यात धनी चाकरांना कापणीपर्यंत थांबायला सांगतो. तो दृष्टांत माणसांच्या न्यायाविषयी आहे. रानातल्या परक्या तणापुढे मात्र कापणीपर्यंत थांबून चालत नाही. त्याचे कारण त्या तणाच्या बीमध्येच आहे.

गाजरगवत घ्या. बावड्याच्या बांधावर, रस्त्याकडेला, पंचगंगेच्या काठावर ते आपण रोज पाहतो. आपल्या देशात ते 1955 च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर ते आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एका झाडाला 15,000 ते 25,000 बिया येऊ शकतात. बी जेमतेम दोन मिलिमीटरची आणि हलकी. ती पाण्यावर तरंगते, चाकाच्या चिखलात बसते, पोत्याच्या शिवणीत लपते. ओल मिळताच उगवते आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा फुलावर येते. मातीत गाडली गेलेली बी काही वर्षे जिवंत राहते.

घाणेरीची तऱ्हा वेगळी. हिला शोभेचे झुडूप म्हणून परदेशातून आणले. तिची काळी, गोड फळे बुलबुल आणि साळुंक्या खातात आणि बी दूरच्या झाडाखाली टाकतात. म्हणून मोठ्या झाडांच्या बुंध्याशी घाणेरी हमखास दिसते. रानमोडीच्या बीला केसांचा झुपका असतो. ती वाऱ्यावर उडते, कपड्यांना आणि जनावरांच्या अंगाला चिकटते. तिघींच्या वाटा तीन : पाणी आणि माणूस, पाखरू, वारा. बी कशी फिरते हे कळले, की तिला कोठे अडवायचे तेही कळते.

हा प्रश्न आपल्या सेवेशी कसा जोडलेला आहे? पाड्यावरच्या बाईची भाजी, कंद, सरपण आणि शेळ्यांचा चारा रानातून येतो. घाणेरी माजली, की खाली गवत उगवत नाही, पायवाटा बुजतात, आणि तिचा पाला खाल्लेले जनावर आजारी पडते. गाजरगवत उघड्या हातांनी उपटणाऱ्या बाईच्या अंगावर पुरळ येते, खाज सुटते; काहींना दम्याचाही त्रास होतो. तिच्या घरी दुसरा चारा विकत घ्यायला पैसे नसतात आणि दवाखाना लांब असतो.

आणि ही बी पाड्यापर्यंत पोहोचवणारे कधी कधी आपणच असतो. मदतीच्या धान्याची पोती, चाऱ्याचे भारे, रोपवाटिकेतल्या पिशव्यांची माती, जीपची चाके, यांतून ती जाऊ शकते. भुकेल्याला दिलेल्या भाकरीबरोबर त्याच्या रानात काटा पेरला जाऊ नये, एवढी काळजी आपण घ्यायला हवी.

म्हणून चार गोष्टी सुचवतो. पहिली, डोंगरात जाण्यापूर्वी गाडीची चाके आणि चपलांचा चिखल येथेच धुवावा. दुसरी, रोपे देताना पिशवीतले तण मुळासकट काढून मगच ती द्यावीत. तिसरी, गाजरगवत पहिल्या पावसानंतर, माती ओली असताना आणि फूल येण्याआधी उपटावे. फुलावर आलेले झाड खतखड्ड्यात टाकू नये, कारण खताबरोबर बी शेतात परत जाते. चौथी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे यांसाठी आपल्या दानातला थोडा भाग ठेवावा. तण काढणारे हात बहुधा बायकांचेच असतात.

हे काम एका पावसाळ्यात संपणारे नाही. जमिनीत आधीच पडलेली बी दरवर्षी थोडी थोडी उगवत राहील. पण दरवर्षी फुलाआधी उपटले, तर नवी भर पडत नाही आणि जुना साठा हळूहळू सरतो. कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरांतले सोलिगा आदिवासी घाणेरीच्या काठ्यांपासून खुर्च्या आणि टोपल्या बनवतात. रान मोकळे होते आणि घरात चार पैसेही येतात. आपल्या पाड्यांवरही कोणाला हे शिकावेसे वाटले, तर शिकवणारा माणूस आणि लागणारी अवजारे यांचा भार आपण उचलावा, एवढी विनंती करतो.