वेळ अमावस्येची पंगत

मार्गशीर्ष अमावस्येला अंबाजोगाई-परळीकडच्या गावांत सापडेल ते फक्त कुलूप. अख्खं घर डोक्यावर टोपली घेऊन शेतात गेलेलं असतं. लातूर-धाराशिवलाही हीच वेळ अमावस्या. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप करायची, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले दगड मांडायचे. पूजेनंतर रानाला आंबील शिंपडायची आणि मग पंगत: बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि भज्जी! ही भजी नव्हेत बरं. ओला हरभरा, तूर, वाटाणा, पालेभाज्या बेसनात चिंच घालून रटरटवलेली दाट भाजी. ज्याला शेत नाही, त्यालाही मित्र हाताला धरून नेतात. जेवल्यावर पोरं झाडाच्या झोक्यावर, थोरले कोपीच्या सावलीला आडवे.